प्रोजेक्टर, कूलर आणि घरची मंडळी: दिवाळी ते नवतपा

दिवाळीत घेतलेल्या घरगुती प्रोजेक्टरबद्दल आता लिहायला हरकत नाही. हिवाळा, पोरांच्या परीक्षा, लग्नसराई आणि नागपूरचा मे, त्यातले नवतप्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवससुद्धा, सगळं त्याने पाहून झालंय. खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले 'एकदम जबरदस्त, पैसा वसूल' असले अभिप्राय वाचूनच मी तो घेतला होता. थर्माकोल अजून पलंगाखाली असताना लिहिलेल्या त्या मतांना फारसा अर्थ नसतो. माझं मत थोडक्यात असं: यंत्र बरं आहे, फार भारी नाही. घरी सिनेमा रंगतो की पडतो हे शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. आमच्याकडे आता आधी माणसं ठरतात आणि मग सिनेमा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच साच्यातली यंत्रं पाच-सात नावांनी विकली जातात आणि पुढचं बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल. एलईडी दिवा, १९२० बाय १०८० चं चित्र, भाजीच्या पिशवीत मावेल एवढा आकार. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा हजारांत छापलेला असतो, तो वाचूच नका. 'एएनएसआय लुमेन किती?', म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड किती, असं विचारा. या किमतीत ते काही शेकड्यांत असतात आणि हा प्रश्न ऐकला की दुकानदार आधी चहा मागवतो. दुसरा प्रश्न, फुल एचडी 'नेटिव्ह' आहे की नुसता 'सपोर्ट'? सपोर्टवाल्यात चित्र मोठं शिरतं आणि बारीक होऊन बाहेर पडतं. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. यंत्रातच ॲप दिलेली असतात, पण नेटफ्लिक्ससारख्या सेवा मान्यता नसलेल्या यंत्रावर एचडी चित्र देत नाहीत. मग सात फुटांच्या भिंतीवर धुरकट तोंडं दिसतात. आम्ही टीव्हीची जुनी स्टिक एचडीएमआयला लावली आणि प्रश्न मिटला.

जागेचं गणित घेण्याआधी करा. १०० इंची चित्र म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडं उंच. आमच्या यंत्राला त्यासाठी भिंतीपासून जवळजवळ नऊ फूट लागतात. प्रतापनगरातल्या आमच्या बैठकीत नऊ फूट मागे गेलं की बरोबर देवघराचा उंबरठा येतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देवाकडे पाठ करून सिनेमे दाखवून राहिली का वो?" तेव्हापासून देवघराचं दार लोटायचं, दिवा आधीच लावून घ्यायचा आणि यंत्र स्टुलावर सरळ भिंतीसमोर ठेवायचं. तिरपं ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात तेवढं चित्र वाया जातं आणि अक्षरं मऊ पडतात. सबटायटल वाचायची असतील तर स्टूलच बरं.

आता कूलर. बाहेरगावच्या वाचकांना ही गोष्ट किरकोळ वाटेल, नागपूरकरांना वाटणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री नऊलाही भिंती हात लावू देत नाहीत. माहितीपत्रकात यंत्र ४० अंशांपर्यंत चालवा असं लिहिलंय. ते कुठे बसून लिहिलं असेल? खोली थंड करायची तर कूलर हवा आणि तिसऱ्या नंबरवर कूलर म्हणजे बैठकीत चालू एसटी उभी केल्यासारखं. यंत्राचा स्वतःचा स्पीकर त्यापुढे ऐकूच येत नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. शेवटी तारेनेच जोडलेला स्पीकर भिंतीखाली ठेवला. सात वाजताच पडदे ओढून कूलर तासभर जोरात चालवायचा, सिनेमा सुरू झाला की एक नंबरवर आणायचा. यंत्र कूलरच्या झोतात कधीच ठेवायचं नाही. त्या हवेत ओल असते आणि कूलरच्या गवती ताट्या नव्या असतील तर बारीक काड्याही उडतात. दोन्ही लेन्सला नकोत. मागची जाळी दर रविवारी कोरड्या ब्रशने झाडते. एकदा महिनाभर राहिली तेव्हा यंत्राचा पंखा किंचाळायला लागला होता.

या कूलरनेच आमच्या सिनेमांची वाटणी करून टाकली. हिवाळ्यात शांत सिनेमे, उन्हाळ्यात पाठ असलेले किंवा सबटायटलवाले.

पाठ असलेल्यांत पहिला नंबर 'अशी ही बनवाबनवी'चा. १९८८ चा सिनेमा, पण लग्नसराईत माझ्या माहेरच्या सगळ्या बहिणी जमल्या तेव्हा मेंदीच्या रात्री तोच लावला. कूलर तिसऱ्यावर, हातावर मेंदी, त्यामुळे रिमोट कोणालाच धरता येत नाही. संवाद पडद्यावर यायच्या आधी खोलीतून येत होते. आवाज ऐकू आला नाही म्हणून कोणाचंच अडलं नाही. हा एकट्याने बघायचा सिनेमाच नाही. मी एकदा इस्त्री करता करता लावून पाहिला, अर्ध्या तासात बंद केला.

सबटायटलवाल्यांत माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन'. १९९७ चा इराणी सिनेमा, दीड तासाचा. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट भावाच्या हातून भाजीच्या दुकानात हरवतात आणि मग दोघं एकाच जोडीवर शाळा करतात. ती सकाळच्या पाळीला, तो दुपारच्या. मी तो सहावीतल्या मुलीसाठी लावला होता. आई जपमाळ घेऊन कडेला बसल्या. सबटायटल इंग्रजी, म्हणून मुलीने आजीला मोठ्याने मराठीत सांगायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं वाक्य न वाक्य, पुढे तिच्या मनाने. बूट नालीत पडून वाहत जातो त्या प्रसंगाला ती सांगायचीच थांबली आणि आईंनाही विचारायची गरज पडली नाही. माळ मांडीवर तशीच. नंतर त्यांची तक्रार एकच: "त्या पोराच्या बापाले सांगायले काय झालं होतं? मारलं असतं एखादवेळी, पण बूट तर आणले असते." त्यावरून आजी-नातीचं अर्धा तास वाजलं. बापाकडे पैसे नव्हते हे मुलगी परोपरीने सांगत होती आणि आई 'पैसे नसलेला बाप मी तुझ्यापेक्षा जास्त पाह्यला' म्हणत होत्या. घरात आजी आणि वाचता येणारं नातवंड असेल तर हा सिनेमा या दोघांनाच एकत्र दाखवा. आपण मागे बसावं आणि मधे बोलू नये.

मुलांबरोबर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ही छान जातो. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला याची गोष्ट, परेश मोकाशींचा सिनेमा, नंदू माधव फाळक्यांच्या भूमिकेत. रडकं काही नाही, लांबण नाही. बायकांच्या भूमिकांना मिशा भादरलेले पुरुष उभे करायचे म्हणजे काय कटकट, हे बघताना आमची कन्या पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिने कुंडीत कडधान्य पेरून मोबाइलवर रोज फोटो काढायला घेतले. फाळक्यांनी रोप उगवतानाचे फोटो काढून फिल्म केली होती ते तिला फार आवडलं होतं. चार दिवस टिकलं, मग मटकी उन्हाने गेली.

आता 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा पहिला सिनेमा, २०१४ चा, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. मी हा सिनेमा आधी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर लावला, जानेवारीत. एकीने वीस मिनिटांत विचारलं, "घडणार कधी काही?" दुसरी मोबाइलमध्ये. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं येतात, बोलतात, जातात. ज्याला कोर्ट माहीत नाही त्याला तो रिकामा वाटू शकतो, त्यात त्यांचा दोष नाही.

मग बाबांना दाखवला. माझे सासरे जिल्हा न्यायालयातून बाबू म्हणून निवृत्त झाले. "जन्मभर तेच पाहिलं, आता घरी काय पाहू?" म्हणत बसले. साक्षीदार चार वाक्यं बोलतो, न्यायाधीश त्यातलं एक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात, असा प्रसंग येतो. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "बरोबर. असंच. रोजनाम्यात एवढंच जाते." बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात तेव्हा ते हसले नाहीत, नुसते 'हं' म्हणाले. पुढच्या सुनावणीत पडद्यावर कोणी बोलायच्या आधी बाबाच हळू आवाजात म्हणाले, "पुढची तारीख." आणि पडली. असं तीनदा तरी झालं. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात ते बघून ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले, "हे कोणी दाखवत नाही." नंतर जेवताना त्यांनी चाळीस वर्षांत कधी न सांगितलेली दोन प्रकरणं सांगितली. ती इथे लिहिणार नाही, ती त्यांची आहेत. पण कचेरीत, तहसीलमध्ये, कोर्टात आयुष्य घालवलेलं माणूस घरात असेल तर हा सिनेमा त्यांच्याबरोबर बघा, बाकीच्यांना त्या दिवशी बर्डीला खरेदीला पाठवा. आणि बघा हिवाळ्यातच. त्यातला आवाज खऱ्या खोलीसारखा धरलेला आहे, कूलर चालू असला की निम्मं जातं.

'झुंड'ला मात्र गर्दी हवी. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा, जवळजवळ तीन तासांचा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यावर बेतलेला. त्यांची 'स्लम सॉकर' ही संस्था २००१ पासूनची. अमिताभ बच्चन आहेतच, पण आमच्याकडे बघितले गेले ते अंकुश गेडाम आणि बाकीची पोरं. अकरावीतला मुलगा, त्याचे क्लासचे मित्र, वरच्या मजल्यावरचं जोडपं, शिवाय पोळ्या करायला येणाऱ्या ताई त्यांच्या दोन मुलांना घेऊन आल्या होत्या. थोरला आठवीत, फुटबॉल खेळतो. सोफ्यावरची मंडळी नागपुरी हिंदी कानावर पडली की हसायची. ताईंची मुलं त्याला हसत नव्हती, ती तर त्यांच्या रोजच्या बोलण्यातली भाषा. ती हसली ती भलत्याच ठिकाणी, पोरं एकमेकांना चुकीचा सल्ला देतात तिथे. आमचा चिरंजीव बॉल कसा मारला पाहिजे हे सांगायला लागला तेव्हा थोरला शांतपणे म्हणाला, "दादा, तो उलट्या पायाचा आहे." खोली गप्प. पुढचे दोन तास बॉलबद्दल बोलायचा अधिकार त्याच्याकडे गेला आणि सगळ्यांनी तो मानला. दीड तासाने आम्हीच मध्यंतर केलं, आलूबोंडे तळले. पासपोर्ट-व्हिसाच्या भागात वरच्या मजल्यावरच्या काकांना सिनेमा लांबला असं वाटत होतं. ताईंना वाटत नव्हतं. जातीच्या दाखल्यासाठी त्यांनी स्वतः किती खेटे घातले ते त्या तिथेच सांगायला लागल्या आणि काकांनी घड्याळ बघणं सोडलं.

भांडखोर माणसांसाठी माझ्याकडे एकच औषध आहे: '१२ अँग्री मेन'. १९५७ चा, सिडनी लुमेट यांचा, दीड तासाच्या आसपास, सगळा जवळजवळ एकाच खोलीत. कृष्णधवल असल्यामुळे आमच्या यंत्राचे रंगांचे दोषही झाकले जातात. तो मी मुद्दाम नवतप्यात लावला. एका पोरावरच्या खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्युरर, म्हणजे साधे नागरिक, उकाड्यात एका बंद खोलीत, पंखा चालत नाही, सगळ्यांच्या पाठी घामाने ओल्या. इकडे आमच्याही. माझे धाकटे दीर, ज्यांच्याशी वादात आजवर कोणी जिंकलं नाही, पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले, "पंखा नाही म्हणून कायले भांडून राहिले, कूलर लावा म्हणा." पहिलं मतदान व्हायच्या आधी आम्ही सिनेमा थांबवला आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर दोषी की निर्दोष ते लिहायला लावलं. आठ माणसांत एकच 'निर्दोष' निघाली, ती आईंची. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराचं तोंड पाह्यलं ना." पुढे पडद्यावर एकेक मत फिरत गेलं तसं आमच्याकडेही फिरलं. भाऊजी सगळ्यात शेवटपर्यंत अडले आणि शेवटीही 'सिनेमापुरतं मान्य' एवढंच म्हणाले. चिठ्ठ्यांची ही युक्ती करून बघाच, पण माणसं सहाच्या खाली नकोत आणि गोष्ट आधी माहीत असलेल्याला त्या दिवशी चहाच्या कामाला लावा.

काही सिनेमे मात्र दोघांपेक्षा जास्त माणसांत लावू नयेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' त्यातला. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे प्राध्यापक, मोहन आगाशे, रस्त्यात हत्ती दिसतो आणि त्याच्या मागे चालू लागतात. माझ्या एका मैत्रिणीची आई आता माणसं ओळखत नाही. लावू का, असं मी तिला आधी विचारलं. दुपारी, घरात कोणी नसताना बघितला. अमृता सुभाष यांची माहुताची बायको त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते तिथे मैत्रीण म्हणाली, "थांबव." थांबवला. तिने पाणी प्यायलं, गॅसवर चहा ठेवला, परत आली, "लाव." संपल्यावर सिनेमाबद्दल काही बोललो नाही, तिच्या आईला बघायला रात्रपाळीची बाई कुठे मिळेल त्यावर बोललो. ज्याच्या घरी हे चालू आहे त्याला असा सिनेमा अचानक दाखवणं क्रूरपणाचं आहे. विचारून दाखवला तर उपयोगाचा.

यंत्र सपशेल नापास झालं ते 'तुंबाड'ला. राही बर्वे यांचा हा सिनेमा अंधार, पाऊस आणि लाल रंगावर उभा आहे आणि या किमतीच्या प्रोजेक्टरला काळा रंग येतच नाही, करडा येतो. मुलाच्या मित्रांना वाड्यातल्या प्रसंगांत नुसती भिंत दिसत होती आणि भिंतीवरचा खिळा. पोरं घाबरायच्या ऐवजी खिळ्याला नावं ठेवायला लागली. असले सिनेमे टीव्हीवर बघा, नाहीतर अमावस्येला सगळे दिवे घालवून. दुपारी पडदे ओढून प्रोजेक्टर चालेल ही समजूतही काढून टाका. आपल्याकडचं ऊन पडद्याच्या शिवणीतून येतं.

गच्चीवर एकदाच लावला, हिवाळ्यात. चादर एकेरी लावली तर प्रकाश आरपार जातो, दुहेरी करावी लागते. वारा सुटला की नायकाचं नाक हलतं. त्यापेक्षा जिन्याच्या खोलीची चुना मारलेली भिंत उत्तम. दहानंतर दव पडायला लागलं म्हणून यंत्र आत आणलं. थंडी मात्र सगळ्यांना पुरली, दुसऱ्या दिवशी अर्धी सोसायटी शिंकत होती.

घ्यावा का? घरात तीन माणसं आणि ४३ इंची टीव्ही असेल तर अजिबात नको, ते पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. एकत्र कुटुंब असेल, शेजारी येत-जात असतील, मुलांचे मित्र घरी जमत असतील तर घ्या. कोणता सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं, त्यामुळे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शोधून ठेवा. सगळ्यांना बोलावून मग पाऊण तास शोधत बसलं की निम्मे मोबाइलवर जातात आणि परत येत नाहीत.

आता पाऊस लागलाय, कूलर झाकून ठेवलाय, म्हणजे शांत सिनेमांचे दिवस परत आले. यादीत अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आहे, कोकणातल्या पावसातला, मुलगी आणि मी दोघींसाठी. बाबांनी 'सामना' मागितलाय, निळू फुले आणि लागूंसाठी. भाऊजींना 'एक रुका हुआ फैसला' बघायचाय, '१२ अँग्री मेन'शी ताडून. बासू चॅटर्जींनी तो त्याच गोष्टीवर १९८६ मध्ये केला. त्यांना सांगितलंय, या वेळी चिठ्ठीवर सही पण करायची.